बंद त्यानं केलं, मिसळलं आम्ही

नानाजी थूल यांनी जन्मभर ओझी वाहिली. पण माणसाची पारख ते ओझं उचलण्यावरून करत नसत, ठेवण्यावरून करत. टोळीत नवा गडी आला की पहिल्या दिवशी त्याच्याशी बोलायचे नाहीत, नुसते बघायचे. "उचलता कोणालेबी येते," म्हणायचे. "खाली कसा ठेवते, ते पाहा."

घर वडनेरला. काम तालुक्याच्या गावी, बाजार समितीच्या यार्डात. तिथे ते हमालांच्या टोळीचे मुकादम होते. हंगामात यार्डात कापसाच्या गाड्यांची रांग लागे. लिलाव झाला की भरलेली गाडी काट्यावर जायची, वजन व्हायचं. मग हमाल गाडीत चढून कापूस गंजीवर उतरवत. रिकामी गाडी पुन्हा काट्यावर. दोन वजनांतला फरक म्हणजे त्या शेतकऱ्याचा कापूस. एकदा गंजीवर गेला की तो कोणा एकाचा राहत नाही, सगळा मिळून एक पांढरा डोंगर होतो.

टोळीची एक जुनी रीत होती. काम बंद करायचं असेल तर आत आलेली गाडी आधी रिकामी करून द्यायची. भांडण समितीशी असो की व्यापाऱ्याशी, गाडीवाल्याशी नसतं. त्याची गाडी भाड्याची, घरून आणलेली शिदोरी एका वेळेची. त्याला गेटात अडकवून ठेवणं म्हणजे परक्याच्या पाठीवर आपलं पोतं देणं. नानाजींनी ही रीत स्वतः घातली नव्हती, पण ती मोडू कधी दिली नाही.

कांता भगत याच यार्डात काम करायची. तिचा नवरा नानाजींच्या टोळीतला, छातीच्या दुखण्यानं गेला. कांता आणि आणखी काही बाया गंजीभोवती सांडलेला कापूस झाडून गोळा करत, त्यातली पाती-काडी वेचत आणि पुन्हा गंजीवर चढवत. धुळीनं नाक भरून जायचं. दुपारी त्या पदर झटकायच्या तर शेजारी बसलेला माणूस उठून दूर जायचा. ह्या कामाला नाव नव्हतं. व्यापाऱ्याच्या दिवाणजीनं हाताशी ठेवलेल्या बाया, एवढीच त्यांची ओळख.

मग यार्डात सिस्टीम आली. गाडीचा नंबर, काटा, गेटचा दांडा, सगळं कॉम्प्युटरवर. आत येणाऱ्या कामगारांची नावंही त्यात. हमालांची नावं चढली. बायांची चढली नाहीत. एका सकाळी गेटवरच्या पहारेकऱ्यानं त्यांना अडवलं.

"सिस्टीममंधी नाव नाई तुमचं."

"अरे, काल तं झाडू मारून गेलतो आम्ही इथं," कांता म्हणाली.

"कालचं कालले. आज दांडाच उठत नाई, मी काय करू?"

नानाजी बायांना घेऊन सचिवांकडे गेले. सचिव रूपराव काळबांडे माणूस वाईट नव्हता. त्यानं खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. म्हणाला, "माझ्या हातात काही नाही. कंपनी बसवून गेली. त्यांना कळवतो." पुन्हा गेले तेव्हाही पाणी मिळालं आणि तेच उत्तर मिळालं. बाया रोज यायच्या, गेटाबाहेर बाभळीखाली बसायच्या, दुपारी घरी जायच्या. टोळीत काम बंद करायची बोलणी सुरू झाली. काही म्हणाले करू, काही म्हणाले हंगाम जाऊ द्या. वर्ध्याहून युनियनचा माणूस येणार होता, तो येत नव्हता.

कांताचा मुलगा पियुष जाम गावच्या चौरस्त्यावर मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात होता. आयटीआय झालेला, हुशार, बोलायला कमी. गेटच्या खोलीतला कॉम्प्युटर एकदा बिघडला, तेव्हा त्यालाच बोलावलं होतं. सिस्टीमच्या आत शिरायची किल्ली, म्हणजे पासवर्ड, काय आहे ते त्याला तेव्हा कळलं. त्यानं ती डोक्यात ठेवली.

ऐन हंगामातल्या एका दुपारी गेटचा दांडा खाली आला आणि उठेना. काटा मेला. गेटवरच्या मोठ्या फलकावर भाव यायचे, ते गेले. त्या जागी अक्षरं आली. नानाजींनी ती मोठ्यानं वाचली.

"ज्या बायांनी हे यार्ड झाडलं, त्यांचं नाव सिस्टीममध्ये नाही. म्हणून आज यार्डाचंही नाव सिस्टीममध्ये नाही."

खाली बायांची नावं. अनुसयाबाई, कोकिळा, मंदाबाई, रीता, आणि शेवटी कांता.

बाया बाभळीखालून उठून गेटाशी आल्या. अनुसयाबाईला वाचता येत नव्हतं. कोकिळेनं बोट करून दाखवलं, "ते पाहा, ते तुह्यं." अनुसयाबाईनं हात जोडले. फलकाला जोडले की कोणाला, तिचं तिला माहीत. नानाजींनी नावं पुन्हा एकदा वाचली. इतक्या वर्षांत या यार्डात कोणाचं नाव एवढं मोठं झालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

त्यांना वाटलं, युनियननं एकदाचं काम बंद केलं. मग विचार करायला ते थांबले नाहीत.

"काम बंद!" त्यांनी आरोळी दिली. "आतल्या गाड्या खाली करा रे!"

लिलाव झालेल्या, पण काट्यावर न गेलेल्या काही गाड्या रांगेत उभ्या होत्या. एका ड्रायव्हरनं विचारलं, "मुकादम, काट्याचं काय?"

"काट्याचं मंग पाहू. तुही गाडी मोकळी कर."

जुन्या काळी काम बंद व्हायचं तेव्हा काटेवाला शेवटची गाडी जाईपर्यंत बसून राहायचा. काटा आधी बंद पडला, असं कधी झालंच नव्हतं. म्हणून टोळीच्या रीतीत वजनाचा शब्द नव्हता. हात सवयीनं चालले. गाड्या भराभर रिकाम्या झाल्या. गेटचा दांडा हमालांनी खांद्यावर उचलून धरला आणि ड्रायव्हर राम राम करून गेले. टोळी घाम पुसत बसली. काम नीट झालं, असं सगळ्यांना वाटलं.

संध्याकाळी सिस्टीम आपोआप सुरू झाली. पियुषनं तेवढ्यापुरतीच बंद केली होती. मग शेतकरी वजन विचारायला आले आणि सगळ्यांच्या ध्यानात आलं. कापूस गंजीत होता. कोणाचा किती, ते कोणालाही सांगता येत नव्हतं.

भांडणं झाली. समितीनं अंदाजानं मिटवलं. कोणी कमी मिळालं म्हणून बोंबलत गेला, कोणी गुपचूप गेला. आणि समितीनं पोलिसांत तक्रार दिली. सिस्टीममध्ये घुसून यार्ड बंद पाडलं, एवढंच त्यात नव्हतं. मिसळलेल्या कापसाचं नुकसानही आरोपीमुळे झालं, असं लिहिलं होतं. सायबरच्या पोलिसांना जामचं दुकान सापडायला वेळ लागला नाही. पियुषला धरलं. जामीन झाला, पण गुन्हा लागला. तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, असं कांताला कोणीतरी सांगितलं. ती नानाजींच्या ओट्यावर येऊन बसली. रडली नाही. नुसती लुगड्याच्या काठाला पीळ देत राहिली.

नानाजींना राग आला होता तो पियुषचा. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला बोलावून घेतलं.

"मले एक फोन काऊन नाई केला?"

"केला असता तं तुमी नाई म्हटलं असतं, मोठेबाबा."

"म्हटलं असतं. मंग तू माह्यासंग भांडला असता. पण गाड्या मी आत येऊ देल्या नसत्या. तू तिकडं जामले बसून बटन दाबलं. इकडं कोण उभं आहे, काय करून राह्यलं, तुले दिसत होतं का?"

"नाई."

"न पाहता बंद करणं म्हणजे डोळे मिटून पोतं फेकणं. खाली कोणाचा पाय हाय, पाहाले नोको?"

पियुष खाली मान घालून म्हणाला, "पायावर पोतं तं तुमच्या टोळीनं टाकलं, मोठेबाबा."

आतून तानाबाईंचा, नानाजींच्या बायकोचा, आवाज आला. "घ्या! पोरगं खरं बोललं तं तोंड काऊन बंद झालं आता?"

नानाजींना पटलं. पोराचं म्हणणं खरं होतं. बंद त्यानं केलं होतं. मिसळलं आपण.

वर्ध्याची वकीलबाई, ज्योत्स्ना डंभारे, पियुषची केस बघत होती. तरुण, पण कामाला पक्की. नानाजी, कांता आणि पियुष तिच्या ऑफिसात गेले. तिनं सरळ सांगितलं, "दुकानात दिवसभर दहा माणसं येतात. वायफाय सगळ्यांना उघडं. पियुषनंच केलं हे त्यांना सिद्ध करावं लागेल, आणि ते सोपं नाही. आपण फक्त गप्प राहायचं. आणि काका, कापूस टोळीनं उतरवला हे तुम्ही सांगायचं. म्हणजे नुकसानीचा भागही पडला."

"म्हणजे मी खरं सांगाचं अन् यानं गप्प राह्याचं," नानाजी म्हणाले.

"गप्प राहणं खोटं नसतं, काका. तो त्याचा हक्क आहे. कायद्यानं दिलेला."

"बरोबर असन. मी कायदा शिकलो नाई." नानाजी पियुषकडे वळले. "तू सांग."

कांतानं पियुषचा हात धरला होता. तिला त्यानं गप्प राहायला हवं होतं. तसं ती बोलली नाही, पण हात सोडतही नव्हती.

पियुष वकीलबाईला म्हणाला, "मॅडम, मी नाई केलं म्हटलं तं त्या फलकावरची नावं कोणं लिवली? कोणीच नाई. पुन्हा कोणीच नाई. माह्या आईचं नाव इतके दिवस तसंच तं होतं."

ज्योत्स्नाबाईंनी चष्मा काढला. "हे कोर्टात बोललास तर बंद केल्याचा गुन्हा कबूल केल्यासारखं होईल. कळतं ना?"

"कळते."

"कांताबाई, तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हणू, बाई?" कांता म्हणाली. "माह्यं नाव होतं त्यात. मी नोको म्हटलं तं माह्यंच नाव मी पुसलं." तिनं हात सोडला आणि तोंडाला पदर लावला.

दरम्यान टोळीत कुरबुर सुरू झाली होती. मुकादम कोर्टात जाऊन चूक टोळीच्या अंगावर घेणार, मग समिती टोळीचे परवान्याचे बिल्ले काढून घेईल, ही भीती खोटी नव्हती. नानाजींनी सगळ्यांना एकत्र बसवलं. "गाड्या खाली करा असं कोणं म्हटलं?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "मी म्हटलं. कोर्टात मी माह्यं नाव घीन. तुमचं नाई." त्या हंगामानंतर त्यांनी मुकादमी सोडली. पाठही गेलीच होती.

खटला उभा राहीपर्यंत यार्डात आणखी दोनदा कापूस आला आणि गेला. मधल्या काळात बायांची नावं सिस्टीममध्ये चढली. कोणामुळे चढली, हे समितीनं सांगितलं नाही. गेटवर कागद लागला, 'सुधारणा'. कांता पुन्हा झाडायला जाऊ लागली. तिच्या नावानं दांडा वर व्हायचा, तेव्हा दर वेळी तिला पियुषची आठवण यायची आणि ती घाईनं आत शिरायची.

नानाजींची साक्ष झाली तेव्हा त्यांनी शब्द वाया घालवले नाहीत. फलक वाचला, काम बंद वाटलं, गाड्या खाली करायला मी सांगितलं, वजन विसरलो. सरकारी वकील उठले.

"सिस्टीम बंद पडली नसती तर तुम्ही वजन न करता गाड्या उतरवल्या असत्या का?"

ज्योत्स्नाबाईंनी वर पाहिलं. नानाजींना कळत होतं, या उत्तरानं पोराचं नुकसान आहे.

"नसत्या उतरवल्या."

"मग नुकसान कोणामुळे झालं?"

"दोघामुळं. त्यानं न सांगता बंद केलं. मी न विचारता उतरवलं. त्याच्यातलं जास्त माह्यं. मी तिथं उभा होतो, साहेब. मले काटा दिसत होता."

ज्योत्स्नाबाईंनी शेवटी एकच प्रश्न विचारला. "काका, तुम्ही जन्मभर यार्डात काढला. तुमच्या मते या मुलाला गुन्हेगार म्हणून शिक्षा व्हावी का?"

न्यायाधीशांनी हात वर केला. "हे साक्षीदारानं सांगायचं नाही. प्रश्न नोंदवू नका."

नानाजींनी उघडलेलं तोंड मिटलं आणि पायरी उतरून खाली आले.

परतीच्या एसटीत कांता त्यांच्या शेजारी बसली. पियुष मागं उभा होता, जागा नव्हती. गाडी गावाबाहेर पडल्यावर कांतानं विचारलं, "भाऊजी, तिथं तुमाले बोलू देलं नाई. काय सांगत होते तुमी?"

"आपल्या टोळीत कोणं हूक लावून पोतं फाडलं तं काय करत होतो, ठाऊक आहे ना? तुह्या नवऱ्यानंबी फाडलं होतं एकदा."

"हो. दाणा दाणा वेचाले लावला होता त्याले. सगळ्याइच्या समोर. घरी येऊन जेवला नवता."

"अन् दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी तुमीच त्याले आपल्या डब्यातली भाजी देली. सांगत होता."

"तेच सांगणार होतो. पियुषनं फाडलं. खोटं नाई. त्याले वेचाले लावा. यार्ड झाडाले लावा, ज्या शेतकऱ्याचं कमी झालं त्याच्या दारी पाठवा. पण वेचून झालं की संपलं पाह्यजे. हे यांचं संपत नाई. सजा नाई देली तरी शिक्का राह्यते. मेल्यावर पुसते."

कांता खिडकीबाहेर बघत राहिली. मागून एक प्रवासी म्हणाला, "बाबा, परक्याच्या पोरानं हे केलं असतं तं तुमाले राग आला असता. हा आपला आहे म्हून असं बोलता."

"आला असता," नानाजी म्हणाले. "पण वेचून झालं की संपलं पाह्यजे, हे त्याच्यासाठीबी म्हटलं असतं."

निकाल लागला. कापसाच्या नुकसानीचा दोष आरोपीवर पूर्ण ठेवता येत नाही, असं न्यायाधीशांनी लिहिलं. सिस्टीममध्ये घुसल्याचं पियुषनं कोर्टात स्वतःच कबूल केलं होतं, तो गुन्हा मात्र सिद्ध झाला. तुरुंग नाही. चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलं. ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, यापेक्षा चांगलं होणं कठीण होतं. ते खरं होतं.

त्याच महिन्यात पियुषची नागपूरला एका कारखान्यात देखभालीच्या कामावर निवड झाली. पोलिसांकडे चौकशी गेली आणि निवड तिथेच थांबली. कारखान्याचा माणूस फोनवर नीट बोलला. "तू केलंस ते कशासाठी ते कळलं, पण कॉम्प्युटरचा गुन्हा आहे, आमची मशिनं कॉम्प्युटरवर चालतात." त्याचंही चुकलं म्हणता येत नव्हतं. पियुष पुन्हा जामच्या दुकानात बसला. लोक त्याला चिडवायचे, "आमचं बँक खातं उघडून देतो का रे?" तो हसायचा नाही.

नानाजी सचिवांकडे गेले. सिस्टीम बघायला माणूस पाहिजे असेल तर पोराला ठेवा, म्हणाले. रूपराव काळबांडेंनी पाणी दिलं. "नानाजी, कोर्टानं दोषी ठरवलेला माणूस मी यार्डात कसा घेऊ?"

तुरीचा हंगाम होता. नानाजींनी समितीला, टोळीला आणि पोलीस ठाण्याला आदल्या दिवशी तोंडी सांगितलं, उद्या दुपारी मी गेट बंद करणार. कोणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी ते गेले, आत किती गाड्या आहेत ते स्वतः फिरून पाहिलं, त्या बाहेर पडेपर्यंत बाभळीखाली बसले. मग गेटाच्या मधोमध सतरंजी टाकली आणि बसले.

बाहेर गाड्यांची रांग लागली. हॉर्न वाजले. पहारेकऱ्यानं हात जोडले. "उठा ना बाप्पा, माही नोकरी जाईन." नानाजी म्हणाले, "तुही नाई जात. माह्यं नाव सांग." रांगेतला एक शेतकरी शिव्या देऊन गेला. त्याच्या शिव्या नानाजींनी ऐकून घेतल्या, उत्तर दिलं नाही. त्याला उशीर होत होता, हे खरंच होतं.

उन्हं उतरली तेव्हा पोलिसांची गाडी आली. शिपायांनी नानाजींना उचललं, गाडीत बसवलं, ठाण्यात नेलं. ठाणेदारांनी ओळखलं. खुर्ची दिली.

"काय हे नानाजी? या वयात?"

"गुन्हा लिवा साहेब."

"कशाचा?"

"यार्ड बंद पाडलं मी. अर्धा दिवस. त्या पोरानं पाडलं होतं तेवढंच."

ठाणेदार हसले. "त्याचं वेगळं होतं. त्यानं कॉम्प्युटरमध्ये घुसून केलं. लपून केलं."

"लपून केलं, ते वाईट केलं. मी त्याले तोंडावर सांगतलं. पण गेट तेच होतं साहेब. गाड्या तशाच उभ्या होत्या. लोकाइले उशीर तेवढाच झाला. त्याले जन्माचा शिक्का अन् मले खुर्ची काऊन?"

ठाणेदार हसायचे थांबले. टेबलावरचा पेन इकडून तिकडे ठेवला. "कायदा मी केला नाही, नानाजी."

"मी कुठं म्हून राह्यलो तुमी केला? लिवा म्हणतो फक्त. माह्यं लिवा, नाही तं त्याचं पुसा. दोन्हीपैकी एक तरी करा."

"त्याचं पुसणं माझ्या हातात नाही."

"मंग माह्यं तरी तुमच्या हातात आहे."

ठाणेदारांनी शिपायाकडे पाहिलं. शिपाई भिंतीकडे बघत होता. ठाणेदार म्हणाले, "घरी जा. म्हाताऱ्या माणसावर असल्या कामासाठी मी गुन्हा लावणार नाही." मग सवयीनं पुढं म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीसाठी कोणाला गुन्हेगार करायचं नसतं."

बोलून झाल्यावर ते स्वतःच थबकले.

नानाजी उठले. "हेच कोर्टात मले बोलाचं होतं," म्हणाले, आणि बाहेर पडले.